चार पायांवरची खोली

“मॅडम, आप खाली चाबी दे दो. साब से बात हो गया,” कासम म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. मस्कतच्या वादी कबीरमधला शुक्रवारचा जुन्या गाड्यांचा बाजार, सकाळचे नऊ, जानेवारीचं कोवळं ऊन, आणि मी आमच्या पांढऱ्या पिकअपला टेकून उभी. काचेवर ‘विकणे आहे’चा कागद, तोही माझ्याच अक्षरात. मी अजून किंमतसुद्धा उच्चारली नव्हती. दीड तास येणाऱ्या-जाणाऱ्याला गिअरबॉक्स कसा मऊ आहे, एसी कसा पहिल्या दिवसासारखा आहे, हे मोडक्यातोडक्या अरबीत सांगत होते, मुलांना धडा समजावावा तशी. आणि कासमने, म्हणजे इथल्या दलालाने, काल रात्रीच माझ्या नवऱ्याशी, रत्नागिरीत बसलेल्या धनंजयशी, दहा मिनिटांत सगळं ठरवून टाकलं होतं. किंमत, दिवस, वेळ, आणि मॅडम किल्ली घेऊन येतील हेसुद्धा. मला धनंजयनी सकाळी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं की गाडी बाजारात नेऊन उभी कर. म्हणजे मी विकायला आलेच नव्हते. मी किल्ली अडकवायचा खिळा होते. माझ्या हाताने मात्र एक गंमत केली. तो मिटला. किल्लीचे दाते तळव्यात रुतले आणि मला एकदम बरं वाटलं, फार दिवसांनी काहीतरी माझं मला टोचत होतं. “मुल्किया किसके नाम पे है?” मी विचारलं. मुल्किया म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड. कासम हसला. “आपके नाम पे. लेकिन साब बोला...” धनंजय गेल्या एप्रिलमध्ये निवृत्त होऊन कायमचे परत गेले तेव्हा गाडी कुणाच्या तरी नावावर ठेवणं भाग होतं, म्हणून ती माझ्या नावावर आली होती, त्यात माझं कौतुक काही नव्हतं. पण कार्डावर नाव होतं. “तो फिर साब को बोलो, मॅडम से बात करो,” मी म्हटलं. त्याला वाटलं मी भाव वाढवतेय. “नमाज के बाद आता हूँ. तब तक आप सोच लो,” असं म्हणून तो पुढच्या गाडीकडे वळला.

सोचायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. पिकअप गेली की राजीनामा. राजीनाम्याचं पत्रही धनंजयनीच लिहून पाठवलं होतं, मोबाइलवर, खाली सहीपुरती जागा सोडून. मार्चमध्ये शाळेचं वर्ष संपलं की इथला दार्सैतचा फ्लॅट रिकामा, मग विमान, मग रत्नागिरीत नाचणे भागातला तो दोन खोल्यांचा फ्लॅट, ज्याच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीची बाल्कनी दिसते. माझी नोकरी आणखी चार वर्षं आहे. मी छप्पन्न वर्षांची आहे, सातवी-आठवीला भूगोल शिकवते, आणि मला जायचं नाही. हे वाक्य मी आजवर कुणालाही म्हणून दाखवलेलं नाही. त्याऐवजी मी काय केलं, तर दिवाळीपासून चोरून कॅम्पर बघत हिंडले. पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवायची खोली: आत बिछाना, ओटा, पाण्याची टाकी, दार. लोक साडी बघतात तशी मी खोल्या बघितल्या. अझैबाला एका जर्मन जोडप्याची बघितली, तिला ओल्या कुत्र्याचा वास होता आणि त्या बाई तो वास किती प्रेमाचा आहे हे सांगत होत्या. बरक्याला एक बघितली, तिच्या लाकडी तळात माझी टाच गेली. एक इतकी जड निघाली की माझी पिकअप तिच्याखाली बसलीच असती. प्रत्येक ठिकाणी विचारलं गेलं, “साहेब येणार का बघायला?” आणि प्रत्येक ठिकाणी मी म्हटलं, “येतील.” हे खोटं मी शाळेतल्या कुठल्या मुलाला बोलू दिलं नसतं. हिंडायचंच तर तंबू का नको, असं एकदा स्टाफरूममध्ये सोबतच्या विशाखाने सहज विचारलं होतं, तेव्हा मी गुडघ्यांकडे बोट दाखवलं. खरं कारण निराळं होतं. तंबूला कडी नसते.

धनंजयवर राग येतो तेव्हा मी आधी त्यांची बाजू मांडून घेते, ही माझी जुनी खोड. ते इथे आले तेव्हा एका खोलीत सहा जण झोपत. एसीच्या डक्टमध्ये उभ्या उन्हात शिरून त्यांनी आमचं लग्न, आमच्या मुलाचं, कौशिकचं, शिक्षण, नाचण्याचा फ्लॅट, सगळं बाहेर काढलं. वाईट माणूस नव्हे. पण त्यांच्याकडे एकच वाक्य होतं आणि ते एकोणतीस वर्षं पुरलं. “इथे कशाला? तिकडे गेल्यावर घेऊ.” मला पडदे हवे होते, निळे. इथे कशाला? मला झोपाळा हवा होता, दार्सैतच्या त्या अरुंद हॉलमध्येही बसला असता. इथे कशाला? आम्ही कायम जाणाऱ्या लोकांकडून सोफे घेतले, त्यांच्या मुलांच्या पेनच्या रेघांसकट, आणि आलेल्यांना विकले. जे काही नवं आणि चांगलं घेतलं, मिक्सर, डिनर सेट, सँडविचचं यंत्र, ते खोक्यातून बाहेर काढलंच नाही. काढलं तरी खोका जपला, थर्माकोलसकट, कारण जाताना कार्गोला लागेल. आमच्या बेडरूममध्ये कपाटावर छतापर्यंत खोके होते. ओळखीच्या सगळ्यांकडेच असत, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मी रात्री डोळे उघडले की मला आधी एका मिक्सरचं चित्र दिसे, हसऱ्या बाईसकट. गेल्या मे महिन्यात सुट्टीत मी नाचण्याला गेले तेव्हा धनंजयनी ते सगळे खोके समारंभाने उघडले. मिक्सरच्या भांड्याचं रबर हातात भुगा होऊन आलं. डिनर सेटवरच्या सोनेरी रेघा काळ्या पडल्या होत्या. सँडविचच्या यंत्राला इथल्यासारखी चौकोनी पिन, ती तिथल्या भिंतीत जाईना. धनंजय वायर हातात धरून भिंतीसमोर उकिडवे बसले होते आणि म्हणाले, “अडॅप्टर आणतो.” मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. ते ‘तिकडे’ एकदाचं आलं होतं. आणि आपण तिकडे येईपर्यंत जपलेलं सगळं बाद झालं होतं. त्यात मी पण होते का, हे मी त्या नळाच्या आवाजात स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. उत्तर म्हणून माझ्याकडे जूनमधलं मस्कतचं विमान होतं.

मी काचेवरचा कागद काढला, चुरगळून डॅशबोर्डवर टाकला आणि गाडी मागच्या गल्लीत नेली. तिथे रशीदभाईंचं वर्कशॉप. ते हर्णैचे, पाण्याच्या टँकरची बॉडी बनवतात, त्यांची मुलगी हिबा कधीकाळी माझ्या वर्गात होती. तिला दख्खनच्या काळ्या मातीवर मी दहापैकी चार गुण दिले होते, तेही दयेने. काळी माती तिने कधी पाहिलेली नव्हती आणि मी इथून दोन तासांवरचं वाळवंट पाहिलेलं नव्हतं, तरी आम्ही दोघी त्या विषयावर गंभीरपणे बोलत असू. शटर अर्धं वर होतं. “टीचर, तुमी? आज बंद हाय,” रशीदभाई वाकून बाहेर आले. “मी तं असाच आलो. घरात बसून काय करू?” मी विचारलं, “तो कॅम्पर आहे अजून?” “हाय ना. जातो कुठं? गोऱ्याने ऑर्डर दिला, बदली होऊन गेला. इथल्या लोकांना तंबू बरा वाटतो.” तो मागच्या बाजूला चार पोलादी पायांवर उभा होता, जॅकवर, माझ्या खांद्याएवढ्या उंचीला, खाली नुसती हवा. ॲल्युमिनियमची चकचकीत नाही अशी, चटके सोसलेली पाठ. मी आधी दोनदा येऊन त्याला बाहेरूनच बघून गेले होते. दुसऱ्या वेळी रशीदभाईंनी न बोलता माझ्या पिकअपच्या हौद्याचं माप घेतलं होतं. आज त्यांनी मला लोखंडी स्टूल दिलं. “आत बगा. फ्रिज नवाच हाय, बॅटरीवर चालतो.” मी आत शिरले, फ्रिजचं इवलं दार उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “ह्याचा खोका ठेवलाय का?” रशीदभाई पायरीशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. “खोका? कशाला? फ्रिज तं स्क्रूने बसवलाय, टीचर.” मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्याही घरी खोके असणार. ते हसले, आधी थोडे आणि मग पोट धरून, आणि मला कानापर्यंत लाज वाटली. एकोणतीस वर्षं मी ज्याला नवऱ्याचं वेड म्हणत होते ते माझ्याच जिभेवर बसलेलं होतं. “नको खोका,” मी म्हटलं. आवाज उगाच मोठा निघाला.

ते चहा आणतो म्हणून गेले. मी दार ओढून घेतलं, आतून कडी लावली आणि वरच्या बिछान्यावर चढून आडवी झाले. छत कोपरभर अंतरावर. गोंदाचा, प्लायवूडचा आणि तापू लागलेल्या पत्र्याचा वास. बाहेरचे हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे. मी पाय लांब केले आणि मला ती दुपार आठवली, तिवी गावाच्या अलीकडची. कौशिक नऊ-दहा वर्षांचा असेल. सूरला निघालो होतो, कुणाच्या तरी मुलीच्या बारशाला, आणि पिकअपच्या, या नव्हे, आधीच्या, पंख्याचा पट्टा तुटला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये आम्ही. धनंजय कौशिकला घेऊन येणाऱ्या गाडीने पट्टा आणायला गेले आणि मला म्हणाले, गाडीजवळ थांब. मी हौद्यात ताडपत्री बांधून तिच्या सावलीत पडले. डब्यातली दशमी होती, ती दोन घास खाल्ली. मग झोपले. चार तास. त्या चार तासांत मला कुणी हाक मारली नाही, गॅसवर काही नव्हतं, दाराची बेल नव्हती, आणि मी कुठे पोचायला हवं होतं ते ठिकाण माझ्याशिवाय जेवून मोकळं झालं होतं. जागी झाले तेव्हा गालावर ताडपत्रीच्या दोरीचा वळ होता आणि समुद्र तिथेच होता. इतकंच. काही साक्षात्कार वगैरे नाही. धनंजय ही गोष्ट पुढे सगळ्यांना फजितीची म्हणून सांगत, “आम्ही उन्हात धावतोय आणि ही बाई मेल्यासारखी झोपलेली,” आणि मीही हसत असे. मी त्यांना कधी सांगितलं नाही की लग्नानंतरची माझी सगळ्यात चांगली झोप ती होती. सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, आणि वाईट वाटू देणं हे माझ्या खात्यात बसत नव्हतं. आता या फळीवर पडून मला वाटलं, वसुंधरा, तू करतेयस काय? हाही एक खोकाच की. खोक्यांच्या शेजारी झोपून झोपून शेवटी स्वतःच एकात शिरलीस. कुठे जाणार आहेस एकटी? टायर फुटला तर? वादीला, त्या कोरड्या ओढ्याला, पाणी आलं तर? चक्कर आली, पडलीस, तर कुणाला कधी कळणार? भीती खरी होती, मी तिला खोटी म्हणणार नाही. पण नाचण्याच्या त्या बाल्कनीत उभी राहिले होते तेव्हा यातलं काहीच वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं हेच तर खरं भीतीचं होतं. मी हात वर करून छताला लावला. पत्रा कोमट होता. रशीदभाईंनी बाहेरून टकटक केली, “टीचर, चहा,” आणि मी उठून माझ्या हाताने कडी काढली.

“घेते,” मी म्हटलं. पैशांचं आमचं दोन मिनिटांत झालं, ते माझ्या पगारातले होते, इतकं सांगणं पुरे. रशीदभाईंनी हिशेबाने सूचना दिल्या, टाकी अर्धीच भरा, वळणावर घाई नको, वारा आडवा असला तर गाडी थांबवा. मग हात पुढे केला. हा सकाळपासूनचा दुसरा हात. “चावी द्या. मी लावतो गाडी खाली. दोनी बाजूंना चार बोटांची जागा हाय फक्त, पाय हलला तं खलास.” मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, पण कान खाजवला. आता ही गोष्ट आमच्या घरात कधी बोलली गेली नाही म्हणून इथे सांगते. या देशात लायसन्सच्या आधी ड्रम टेस्ट द्यावी लागते, रिकाम्या पिंपांच्या मध्ये गाडी मागे घ्यायची, पिंपाला स्पर्श झाला की नापास. धनंजय तिसऱ्या खेपेला पास झाले. मी पहिल्या. परीक्षा घेणारा पोलीस मला म्हणाला होता, “झेन, झेन.” छान, छान. त्या संध्याकाळी धनंजयनी शिरा आणला आणि म्हणाले, बायकांना सोपं देतात. त्यानंतर अठरा वर्षं, कुठेही पोचलो की ते म्हणत, “उतर, मी लावतो,” आणि मी उतरत असे. पर्स सांभाळत फुटपाथवर उभी राहून नवऱ्याला मागे या, मागे या करत असे. मी गाडीत बसले, हौद्याचा मागचा फाळका रशीदभाईंनी आधीच काढून ठेवला होता. दोन्ही काचा खाली केल्या, आरसे खाली वळवले, मागचा गिअर टाकला. पहिल्यांदा तिरकी गेली. “थांबा, थांबा!” पुढे घेतली. दुसऱ्यांदा सरळ गेली पण हौद्याची डावी कड पोलादी पायाच्या इतकी जवळ आली की रशीदभाईंनी बोललेली दुवा मला ऐकू आली. पुन्हा पुढे. पाठीवरून घाम ओघळत होता आणि मी मोठ्याने स्वतःशी बोलत होते, काय ते आठवत नाही, बहुतेक शिव्या. तिसऱ्यांदा मी आरशात फक्त दोन पाय धरले, डावा आणि उजवा, आणि क्लच इंच इंच सोडला. त्या वेळी मला नवरा आठवला नाही, मुलगा आठवला नाही, रत्नागिरी नाही. एक लोखंडी पाय होता आणि एक आरसा. ऊन बाजूला सरकलं, मागून सावली आत आली, मान भिजवत पुढे आली आणि रशीदभाईंनी पत्र्यावर थाप मारली. “बस! बसली, टीचर! अल्ला कसम, माझ्यानं पण एका दमात नाय जात.” मी हँडब्रेक ओढला. हात मी स्टिअरिंगवरच ठेवले, दहाएक मिनिटं, रशीदभाई जॅक उतरवून बोल्ट आवळेपर्यंत.

मशिदीतून खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, सुरू झाल्याचा आवाज आला, रशीदभाई हात धुऊन घाईने गेले, आणि माझा फोन वाजला. कासम नमाजपर्यंत थांबला नव्हता तर. “वसू, काय चाललंय?” धनंजय म्हणाले. “कासम म्हणतो, गाडी जागेवर नाही, तू पण नाहीस.” मी म्हटलं, “गाडी माझ्याजवळ आहे. ती विकायची नाही.” मग मी त्यांना सगळं सांगितलं, सरळ, एकामागून एक. कॅम्पर घेतला. बसवलासुद्धा. राजीनाम्यावर सही केलेली नाही, करणारही नाही, साठीपर्यंत नोकरी करणार. ते ऐकत होते. मागे कुकरची शिट्टी झाली. म्हणजे ते स्वतः भात लावत होते, हे मला क्षणभर गोड वाटलं आणि मी ते गोड वाटणं तसंच ठेवलं, मागे घेतलं नाही. “कॅम्पर?” ते म्हणाले. “अगं, पण ते इकडे आणता येणार नाही. डाव्या स्टिअरिंगची गाडी, कस्टम सोडणार नाही.” “माहीत आहे. म्हणूनच घेतला,” मी म्हटलं. मग त्यांचा आवाज चढला. लोक काय म्हणतील, कौशिकला काय सांगू, या वयात, एकटी बाई, डोंगरात. मी सगळं ऐकून घेतलं. छप्पन्न वर्षांच्या बाईला ही यादी पाठ असते. शेवटी त्यांनी तो आवाज काढला, डक्टवर बारा माणसं हाताखाली असताना काढत तो. “ते काही नाही. मी पुढच्या आठवड्यात येतो तिकडे आणि मग बघू.”

मी बोलणार होते, पण त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण श्वास मध्येच थांबलेला मला ऐकू आला. त्यांचा व्हिसा एप्रिलमध्ये रद्द झाला होता. एकोणतीस वर्षांत दर दोन वर्षांनी माझ्या नावाचा अर्ज ते भरत, नात्याच्या रकान्यात ‘पत्नी’ लिहीत, आणि मी ते म्हणतील तिथे सही करत असे. ते गेल्यावर शाळेने मला माझा व्हिसा दिला. आता त्यांना इथे यायचं तर इथल्या कुणीतरी बोलवायला हवं होतं, आणि इथे त्यांचं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला जिंकल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटलं नाही. पण मागे हटावं असंही वाटलं नाही.

“या ना,” मी म्हटलं. “बिछाने दोन आहेत. मी आज घरी जाऊन अर्ज भरते. पासपोर्टचा फोटो पाठवा.”

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

“आणि अहो,” मी म्हटलं, “फॉर्ममध्ये विचारतात, येण्याचं कारण काय म्हणून. मला बघायला, की मला न्यायला? न्यायला असेल तर मी भरणार नाही. विचार करा आणि सांगा.”